शस्त्रक्रियेपूर्वीं मेंदूचा नकाशा

श्रोतेहो, मेंदूंत गांठ झाली आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील माणसांच्या तोंडचें पाणी पळतें. पहिला प्रश्न विचारला जातो तो "माणूस वांचेल ना?" हा. तो स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न असतो, आणि तो पुष्कळदां ओठांवर येतां येतां मागें घेतला जातो. माणूस वांचला, पण पुढें बोलेल ना? उजवा हात उचलेल ना? नातवाला नांवानें हांक मारील ना? आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें. मी स्वतः शस्त्रवैद्य नव्हें, पदार्थविज्ञान शिकविणारा एक शिक्षक आहें. त्यामुळें सुरीविषयीं कमी आणि चुंबकाविषयीं अधिक बोललों, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी.

साधा एम्. आर. आय. काढला म्हणजे गांठ कोठें आहे, केवढी आहे, तिच्याभोंवतीं सूज किती आहे, हें उत्तम कळतें. पण एखाद्या गांवाचा उंचावरून काढलेला फोटो पाहावा, तशी त्या चित्राची स्थिति आहे. त्यांत घरें दिसतात, रस्ते दिसतात. शाळामास्तर कोणत्या घरांत राहतो आणि वैद्य कोणत्या, हें त्यांत दिसत नाहीं. मेंदूच्या मोठ्या घड्या सर्व माणसांत बहुतेक ठराविक असतात. परंतु बोलण्याची जागा नेमकी कोणत्या घडीच्या कोणत्या टोंकावर आहे, हें माणसागणिक बदलतें. अमेरिकेंतील जॉर्ज ओजमन व त्यांचे सहकारी यांनीं ११७ रोग्यांच्या उघड्या मेंदूवर सौम्य विजेनें चांचणी घेऊन १९८९ सालीं हीच गोष्ट प्रसिद्ध केली. वस्तूचें नांव उच्चारण्यास अत्यावश्यक असलेल्या जागा लहान-लहान, एक-दोन चौरस सेंटिमीटरांच्या होत्या, आणि त्या ज्याच्या त्याच्या निराळ्या ठिकाणीं होत्या. त्यांत गांठ हळूहळू वाढणारी असेल तर ती शेजारच्या भागांना बाजूस सारते; कधीं कधीं तेथील काम मेंदू दुसरीकडे हलवितोही. तेव्हां पुस्तकांतील आकृति पाहून सुरी चालविणें म्हणजे पन्नास वर्षांपूर्वींच्या नकाशावरून आजच्या लातुरांत एखाद्याचें घर शोधण्यासारखें आहे.

हें ज्ञान पूर्वीं मेलेल्या माणसापासून मिळत असे. १८६१ सालीं पॅरिसमध्यें पॉल ब्रोका यांच्याकडे एक रोगी आला. दुसऱ्याचें बोलणें त्याला समजे, पण त्याच्या तोंडून 'तान' या एका अक्षरापलीकडे बहुधा कांहीं निघत नसे. तो वारल्यावर मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूस पुढील भागांत बिघाड आढळला. पुढें १८७४ सालीं कार्ल वेर्निके यांनीं बोलणें समजण्याशीं संबंध असलेला दुसरा भाग दाखविला. जिवंत माणसाचा मेंदू विचारून पाहण्याची युक्ति कॅनडांत माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यांनीं फार मोठ्या प्रमाणावर वापरली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहींत, म्हणून कवटीच्या कातडीस बधिर करून रोग्याला जागें ठेवतां येतें, आणि मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करून "आतां काय झालें?" असें त्यालाच विचारतां येतें. याच पेनफील्डांच्या हाताखालीं शिकलेले जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोर येथें हिंदुस्थानांतील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे थेट मूळ गंगोत्रीहून आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु ही सर्व विचारपूस कवटी उघडल्यानंतरची. ती उघडण्यापूर्वीं, रोगी आपल्या पायांनीं चालत आला असतांना, कांहीं कळेल काय? येथें चुंबकाची गोष्ट सुरू होते.

मेंदूचा जो भाग काम करूं लागतो त्याच्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, हें केंब्रिजच्या रॉय व शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनीं १८९० सालींच प्रतिपादन केलें होतें. १९३६ सालीं लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियेल यांनीं रक्ताचा एक अजब गुण दाखविला. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायु धारण करून असतें तेव्हां चुंबक त्यास किंचित् दूर लोटतो. तेंच प्राणवायु सोडून दिलें कीं चुंबक त्यास जवळ ओढूं लागतो. या दोन गोष्टी एकत्र जुळण्यास अर्धें शतक लागलें. १९९० सालीं सैजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत उंदरांच्या मेंदूचीं चित्रें घेऊन दाखविलें कीं, रक्तांतील प्राणवायूचा कमीअधिकपणा एम्. आर. आय. च्या चित्रांत उमटतो. दोन वर्षांत माणसाच्या मेंदूवरही तो प्रयोग यशस्वी झाला.

येथें एक गोष्ट प्रथमदर्शनीं उलटी वाटेल. काम करणारा भाग प्राणवायु खर्च करतो, मग तेथें तो कमी व्हावयास हवा. प्रत्यक्षांत तो वाढलेला दिसतो. विष्णुपुरीच्या कालव्यांतून एखाद्या शेताला पाणी सोडावें, आणि पिकाच्या गरजेहून इतकें अधिक यावें कीं वाफे भरून वाहूं लागावे, तसा हा प्रकार आहे. मेंदू मागेल त्याहून अधिक ताजें रक्त तेथें लोटतें. त्यामुळें प्राणवायु सोडलेल्या रक्ताचें प्रमाण घटतें, आणि चित्रांतील तो ठिपका किंचित् उजळतो. किंचित् म्हणजे किती? शेंकडा एक ते तीन. एवढा बारीक फरक डोळ्यांना दिसणें शक्य नाहीं. रुग्णालयांतील यंत्राचा चुंबक दीड टेस्ला शक्तीचा असला तरी तो पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असतो. तरीही हा फरक काढावयाला गणकयंत्राचीच मदत लागते. ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्या आज्ञावलीचें खरें काम येथून पुढें आहे.

रोगी यंत्राच्या बोगद्यांत निजतो. यंत्र ठोकाठोक केल्यासारखा मोठा आवाज करतें, म्हणून कानांत बोळे घालतात. त्याला सांगतात, तीस सेकंद उजव्या हाताचीं बोटें अंगठ्याला लावीत राहा, मग तीस सेकंद स्वस्थ पडा, पुन्हा बोटें. बोलण्याची परीक्षा असेल तर पडद्यावर चित्र दाखवितात, आणि रोग्यानें त्या वस्तूचें नांव मनांतल्या मनांत घ्यावयाचें असतें. किंवा 'क' ने सुरू होणारे शब्द आठवावयाचे असतात. उघड बोलण्यानें डोकें हालतें, म्हणून हें मौन. त्या सर्व वेळांत यंत्र दर दोन-तीन सेकंदांनीं संपूर्ण मेंदूचें एक चित्र घेत असतें. चित्राचे ठोकळे पाडलेले असतात. प्रत्येक ठोकळा समजा तीन मिलिमीटर बाजूचा. असे सुमारें ५०,००० ठोकळे एका मेंदूंत भरतात.

आतां आज्ञावली काय करते? प्रथम ती डोकें किती हाललें तें मोजते आणि सर्व चित्रें एकावर एक नीट बसविते. त्यानंतर ती प्रत्येक ठोकळ्याची वही तपासते. बोटें हालविलीं तेव्हां हा उजळला काय? थांबलीं तेव्हां मंदावला काय? रक्ताचा ओघ कामाच्या मागोमाग येतो, पूर्ण भरावयास पांच-सहा सेकंद लागतात, हा उशीरही ती हिशेबांत धरते. ज्या ठोकळ्याची चढउतार रोग्याच्या कामाशीं जुळते, त्याला ती गुण देते. गुण एका ठराविक उंबरठ्यापलीकडे गेले कीं त्या ठोकळ्याला तांबडा-पिंवळा रंग लावून तो रंग साध्या एम्. आर. आय. च्या करड्या चित्रावर बसविते. झाला नकाशा.

श्रोत्यांनीं हा उंबरठा शब्द लक्षांत ठेवावा. रंगीत चित्र हातीं पडलें म्हणजे नातेवाइकांना वाटतें कीं, मेंदूचा फोटोच निघाला. फोटो नव्हे तो. हिशेबाचा निकाल आहे, आणि हिशेब करणाऱ्यानें उंबरठा कोठें बसविला यावर तो अवलंबून आहे. उंबरठा खालीं आणला तर रंग पसरतो, वर चढविला तर आकसतो. वीसांत एकदां चूक झाली तरी चालेल, असा ढिला नियम ठेवला तर ५०,००० ठोकळ्यांपैकीं २,५०० ठोकळे केवळ योगायोगानें रंगतील. या प्रकाराची थट्टा २००९ सालीं कांहीं अमेरिकन संशोधकांनीं मोठ्या गंभीरपणें केली. त्यांनीं एक मेलेला सामन मासा यंत्रांत ठेवला, त्याला माणसांचीं चित्रें दाखविलीं, आणि ढिल्या हिशेबानें त्या माशाच्या मेंदूंतही 'विचार चालू असल्याचे' ठिपके काढून दाखविले! माशाला कोणी काय विचारलें असेल तें असो. पण थट्टेमागचा मुद्दा खरा होता. २०१६ सालीं स्वीडनमधील अँडर्स एक्लुंड व त्यांचे सहकारी यांनीं तो आणखी पुढें नेला. लंडनची एस्. पी. एम्., ऑक्सफर्डची एफ्. एस्. एल्. आणि अमेरिकेंतील ए. एफ्. एन्. आय. या तीन नामांकित आज्ञावल्या त्यांनीं स्वस्थ पडलेल्या माणसांच्या चित्रांवर चालविल्या. शेंकडा पांच वेळां चूक व्हावी असें अपेक्षित होतें. ठिपक्यांचे पुंजके मोजण्याच्या कांहीं रीतींत ती शेंकडा सत्तरपर्यंत गेली. संशोधकांच्या जगांत त्यानें बरीच खळबळ उडाली, आणि हिशेबाच्या रीती सुधारल्या गेल्या.

पण गंमत अशी कीं, शस्त्रवैद्याची भीति याच्या नेमकी उलट आहे. संशोधकाला जेथें कांहीं नाहीं तेथें रंग दिसला तर त्याची अब्रू जाते. शस्त्रवैद्याला जेथें कांहीं आहे तेथें रंग दिसला नाहीं, तर रोग्याची वाचा जाते. आणि ही दुसरी चूक गांठीच्या शेजारींच होण्याचा संभव अधिक, म्हणजे ज्या जागीं ज्ञान सर्वांत हवें तेथेंच. कारण गांठीजवळच्या रक्तवाहिन्या विकृत झालेल्या असतात. मेंदूनें मागणी केली तरी त्या फांकत नाहींत. पेशी काम करीत असते, रक्त वाढत नाहीं, आणि आज्ञावली त्या जागेला 'रिकामी' ठरविते. हा दोष पकडण्यासाठीं कांहीं ठिकाणीं एक साधी परीक्षा करतात. रोग्याला काहीं सेकंद श्वास रोखून धरावयास सांगतात. आपल्याकडे प्राणायाम करणाऱ्यांना कुंभक ठाऊकच आहे. श्वास रोखला कीं रक्तांत कार्बन डायॉक्साइड वांढतो आणि सर्व मेंदूंतील निरोगी रक्तवाहिन्या एकदम फांकतात. जो भाग तेव्हांही उजळत नाहीं, त्या भागाच्या मौनावर विश्वास ठेवावयाचा नाहीं. म्हणून चित्र वाचणाऱ्या डॉक्टरानें एकाच उंबरठ्याचें एक चित्र न देतां उंबरठा वरखालीं करून पाहावा, आणि रंग नसलेल्या जागेला निर्धास्त म्हणूं नये.

पृष्ठभागाच्या या नकाशाला एका दुसऱ्या चित्रणाची जोड देतात. त्यांत पाण्याचे कण मेंदूच्या तंतूंच्या दिशेनें कसे सरकतात हें मोजून आंतल्या तारांचे जुडगे रेखाटतात. घर शाबूत राहिलें आणि तार तुटली, तर उपयोग काय? एवढें सांगून तो विषय मी येथेंच सोडतों.

आतां आपल्या मराठवाड्याकडे वळतों. कारण या साधनाची खरी कसोटी मला आपल्या नांदेड-लातुरांत दिसते, आणि ती यंत्राची नसून भाषेची आहे.

बोलण्याच्या परीक्षा प्रथम तयार झाल्या त्या बहुतांशीं इंग्रजी बोलणाऱ्या, लिहितां-वाचतां येणाऱ्या माणसांसाठीं. आपल्याकडचा रोगी डोळ्यांपुढें आणा. कल्पना करूं कीं तो देगलूरचा एक वृद्ध व्यापारी आहे. घरांत मराठी, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशीं तेलुगू, बाजारांत दखनी. जुन्या पिढीतला असेल तर शाळा निजामी राजवटींत उर्दूंतून झालेली. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान विलीन झालें तरी त्याचे पाढे आजही उर्दूंतच निघतात. उदगीर-निलंग्याकडील माणसाच्या तोंडीं तेलुगूच्या जागीं कानडी असेल. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबी. अशा माणसाची 'भाषा' कोणती म्हणावयाची? ओजमन व व्हिटेकर यांनीं १९७८ सालीं दोन भाषा बोलणाऱ्या रोग्यांच्या मेंदूवर विजेची चांचणी घेतली तेव्हां कांहीं जागा दोन्ही भाषांना समाईक निघाल्या, तर कांहीं एकाच भाषेच्या निघाल्या. म्हणजे केवळ मराठींत परीक्षा घेऊन मराठी वांचविली, तर दुसरी भाषा वांचलीच असें म्हणतां येत नाहीं. ज्याचा सारा धंदा तेलुगूंत चालतो, त्याची तेलुगू जाणें म्हणजे दुकान जाणें.

अक्षरओळखीचीही तीच गोष्ट. 'क' ने सुरू होणारे शब्द आठवा, हें सांगणें ज्याला 'क' ठाऊक आहे त्यालाच शक्य. निरक्षर बाईला त्यापेक्षां "स्वयंपाकघरांतल्या वस्तू मनांत आठवा" असें सांगितलें तर तिचा मेंदू चटकन् कामाला लागतो. चित्रेंही ओळखीचीं हवींत. बर्फावरची घसरगाडी किंवा पियानो दाखवून रोग्याला नांव सुचलें नाहीं, तर तो दोष मेंदूचा कीं चित्राचा? त्या ठिकाणीं बैलगाडी, सूप, पाटा-वरवंटा, कुलूप दाखवावें. परीक्षेची ही तालीम यंत्रांत शिरण्यापूर्वीं बाहेर खुर्चीवर बसवून, रोग्याच्या घरच्या भाषेंत करून घ्यावी. न समजलेल्या परीक्षेचा निकाल आज्ञावली कितीही उत्तम असली तरी निरर्थकच येणार, आणि दुर्दैव हें कीं तो निकालही तितक्याच सुंदर रंगांत छापून येतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांतली. उजव्या हातानें काम करणाऱ्या शंभर माणसांपैकीं सुमारें पंचाण्णवांत बोलण्याचें केंद्र मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें. डावऱ्या माणसांत हें प्रमाण सत्तरांच्या आसपास आहे. पण आपल्याकडे डाव्या हातानें घास घेणाऱ्या मुलाच्या हातावर चापट बसते, आणि लहानपणींच तें मूल उजव्या हाताचें 'होतें'. पुढें साठाव्या वर्षीं डॉक्टर विचारतात, "कोणत्या हातानें लिहितां?" तो सांगतो, उजव्या. खरी गोष्ट ठाऊक असते ती त्याच्या थोरल्या बहिणीला. अशा वेळीं तिनें संकोच न करतां सांगावी.

हा नकाशा घेऊन शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेस उभा राहतो तेव्हां तो नकाशा त्याच्या शेजारच्या पडद्यावर असतो, आणि हातांतील अवजार मेंदूंत कोठें आहे तें त्या पडद्यावर दिसत राहतें. परंतु कवटी उघडून आवरण कापलें कीं आंतील पाणी वाहून जातें आणि मेंदू खालीं बसतो. कधीं एक सेंटिमीटर, कधीं त्याहूनही अधिक. नकाशा कालचा, गांव आज सरकलेलें! मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील शस्त्रवैद्यांनीं यावर उपाय म्हणून शस्त्रक्रिया चालू असतांनाच ध्वनिलहरींनीं मेंदूचें त्रिमिति चित्र घेऊन तें पडद्यावरील मार्गदर्शनाशीं जोडण्याचें काम केलें आहे व त्यावर लेखही प्रसिद्ध केले आहेत. आणि अखेरचा शब्द आजही पेनफील्डांच्याच रीतीचा आहे. २०१२ सालीं ८,०९१ रोग्यांच्या वृत्तांतांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेंत विजेनें चांचणी घेतली होती त्यांच्यांत कायमचें गंभीर व्यंग शेंकडा ३.४ जणांस राहिलें. घेतली नव्हती त्यांच्यांत शेंकडा ८.२ जणांस. शिवाय चांचणी घेतलेल्यांत गांठही अधिक प्रमाणांत निघाली. तेव्हां रंगीत नकाशाचें काम रोग्याला जागें ठेवून शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं, कवटी कोठें उघडावयाची, विजेचा पहिला स्पर्श कोठें करावयाचा, हें ठरविण्यापुरतें आहे. तेंही कांहीं थोडें नव्हे. कधीं कधीं तर "ही गांठ पूर्ण काढूं नये, अर्धीच काढावी" हा कठीण निर्णय रोग्याशीं आगाऊ बोलून घेतां येतो, आणि तो रोग्याचाच निर्णय असावयास पाहिजे.

ही परीक्षा सर्वांनाच लागते असें मात्र नाहीं. गांठ मेंदूच्या बाहेरील आवरणाची असेल, किंवा बोलण्या-हालण्याच्या भागांपासून दूर असेल, तर साधा एम्. आर. आय. पुरतो, आणि दाब वाढून रोगी बेशुद्ध होत असेल तर नकाशासाठीं थांबणें म्हणजे घर जळत असतां विहीर खणणें. नांदेडला शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. तरी अशा गांठींसाठीं पुष्कळ कुटुंबें हैदराबाद, सोलापूर, पुणें किंवा मुंबईची वाट धरतात. पैशाची विवंचना असतेच. शासनाच्या आरोग्य योजनेचा, जी आतां महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें चालते, आरंभ २०१२ सालीं ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यांत नांदेड होतें, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांचा तींत समावेश आहे. ही विशेष परीक्षा तींत बसते कीं नाहीं, हें निघण्यापूर्वींच त्या रुग्णालयांतील आरोग्यमित्राला विचारून घ्यावें.

जावयाचेंच ठरलें तर एक-दोन गोष्टी सांगून ठेवतों. हृदयांत विजेचें यंत्र बसविलेलें असेल, डोक्यांत जुन्या शस्त्रक्रियेची धातूची पकड असेल, डोळ्यांत कधीं लोखंडाचा कण गेला असेल, तर तें आधीं सांगणें जिवाइतकें महत्त्वाचें आहे. बायकांना मंगळसूत्र, जोडवीं, केंसांतल्या पिना काढाव्या लागतात; मंगळसूत्र उतरवितांना पुष्कळींच्या डोळ्यांत पाणी येतें, म्हणून तें ऐन दारांत कळण्यापेक्षां घरीं आधीं बोलून ठेवावें. आणि एका कागदावर हें लिहावें: रोगी कोणत्या भाषा बोलतो, कोणती लहानपणापासूनची, कोणत्या भाषेंत हिशेब करतो, देवापुढें कोणत्या भाषेंत म्हणतो, राग आला म्हणजे कोणत्या भाषेंत बोलतो, लहानपणीं डावरा होता काय, लिहितां-वाचतां येतें काय, येत असल्यास कोणत्या लिपींत. खालीं त्याची भाषा जाणणाऱ्या, परीक्षेच्या दिवशीं हजर राहूं शकणाऱ्या नातेवाइकाचें नांव लिहावें, आणि तो कागद एम्. आर. आय. च्या पाकिटांत सर्वांत वर ठेवावा.